सरिता मॅडमचा डावा गाल

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मधोमध एक औषधाचं दुकान आहे आणि त्यात फार्मासिस्ट बसते. हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. फार्मासिस्ट ही पुष्कळ ठिकाणी भिंतीवर टांगायची वस्तू असते: काच, चौकट, आत नोंदणीचा कागद. या दुकानात चौकट आहेच, पण तिच्याखाली खुर्ची टाकून सरिता गजभिये नावाची बाई सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष हजर असते. मालक शालिकराम बोंद्रे यांना सुरुवातीला याचा अभिमान होता. पुढे त्रास होऊ लागला, कारण हजर असलेला फार्मासिस्ट वाचतो.

वाचायची सवय तिला लहानपणीच लागली. उत्तर नागपुरातल्या ज्या वस्तीत ती वाढली, तिथे तिच्या आईनं, अंजनाबाईनं, एकदा कानात टाकायचं औषध डोळ्यात टाकलं. बाटल्या सारख्याच दिसत होत्या आणि अंजनाबाईला अक्षर येत नव्हतं. डोळा वाचला. पण त्या दिवसापासून गल्लीतली प्रत्येक बाटली उघडण्याआधी सरिताच्या हातात येऊ लागली. सातवीतली मुलगी ओट्यावर बसून म्हाताऱ्यांना गोळ्यांवरची तारीख वाचून दाखवी, आणि तारीख उलटलेली असली तर गोळ्या परत देत नसे. डी.फार्म. तिनं नंतर केलं. काम आधीच सुरू झालं होतं. नवरा मौद्याच्या वीज केंद्रावर ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे. मौदा शहराच्या एका टोकाला, वाडी दुसऱ्या. दोघं रोज सकाळी एकमेकांकडे पाठ करून निघतात. एकवीस वर्षांचा संसार सुखाचा आहे.

व्हिटॅमिन सी सीरम दुकानात आलं ते गोदामातल्या मुलींमुळे. ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी भरायला, चिकटपट्टी लावायला या मुली दूरदूरच्या गावांहून येतात आणि आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांत तिघी-चौघींनी मिळून राहतात. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या सीरमच्या बाटल्या त्यांच्या हातांखालून जातात. आपल्यालाही एक असावी, असं कुणाला कधीतरी वाटणारच.

पहिली आली करिष्मा उईके. गालांवर मुरुमांचे काळे डाग, आणि आवाजात दुकानदाराशी भांडायची तयारी.

"मॅडम, ते चेहऱ्याचं सी वालं हाय का? वीस टक्क्याचं द्या."

"वीस कायले?"

"ज्यास्ती असन तं लवकर जाईन ना डाग."

"डागाच्या आधी कातडं जाईन. दहाचं घे. सकाळी तोंड धू, कोरडं कर, चार थेंब लाव. त्याच्यावर सनस्क्रीन. थोडं चुणचुणन, घाबरू नको. आग झाली तं दिवसाआड लाव. अन् लिंबू घासून राहिली असशीन चेहऱ्यावर, तं ते आजपासून बंद."

करिष्मा लिंबूच घासत होती. हे या बाईला कसं कळलं याचा विचार करत तिनं विचारलं, "किती दिवसांत फरक पडते?"

"दोन-अडीच महिने."

"मोबाइलमध्ये तं सात दिवस सांगून राहिले."

"मग मोबाइललेच लाव."

करिष्मानं मॅडमकडे नीट बघितलं. सरिताच्या दोन्ही गालांवर वांग आहे, चहाच्या डागासारखं पसरलेलं. "तुम्ही लावता का?"

"लावतो ना."

"मग हे?"

"लावतो म्हणून एवढंच हाय."

विक्रीच्या दृष्टीनं या संभाषणात करण्यासारख्या सगळ्या चुका होत्या. करिष्मा बाटली घेऊन गेली आणि आठवड्याभरात तिच्या खोलीतल्या दोघी आल्या, मग शेजारच्या खोलीतल्या. शालिकराम भाऊंनी या प्रकाराचा पुष्कळ अभ्यास केला, पण त्यांना त्यातलं सूत्र सापडलं नाही.

सरिताचं एक काम मात्र त्यांना पाठ झालं होतं. सीरमचा नवा डबा आला की ती त्यातली एक बाटली उघडते आणि पांढऱ्या कापसावर एक थेंब टाकते. बाटली गडद काचेची असते, बाहेरून आतलं काही दिसत नाही. कापसावर थेंब पाण्यासारखा दिसला तर माल ताजा. फिकट पिवळा असला तरी चालतो. नारिंगी झाला की हवेनं आणि उन्हानं त्याचा जीव गेला. मग ते डाग घालवत नाही. उलट स्वतःचा रंग तेवढा मागे ठेवून जातं. दुकानातला साठा लहान फ्रिजमध्ये, शालिकराम भाऊंच्या ताकाच्या लोट्याशेजारी राही. मुलींकडे फ्रिज नव्हता, टिनाखालच्या खोल्या होत्या. त्यांना तिनं सांगितलं होतं: झाकण घट्ट लावा, बाटली स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्याजवळ ठेवा. वाडीतल्या आठ-दहा माठांखाली त्या उन्हाळ्यात सौंदर्य थंड होत पडलं होतं.

मे महिन्यात नवा डबा आला. तो वितरकाच्या टिनाच्या गोदामात किती दिवस भाजला होता कुणास ठाऊक. शालिकराम भाऊंना तो स्वस्तात मिळाला होता आणि परत न करण्याच्या बोलीवर मिळाला होता. सरितानं कापसावर थेंब टाकला. थेंब संत्र्याच्या रसासारखा पसरला. तिनं दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. तिन्ही तशाच.

नेमकी त्याच वेळी करिष्मा आली. तिची पहिली बाटली संपली होती, डाग फिके पडू लागले होते आणि ती खुशीत होती. तिला काउंटरवर कापसाचे तीन नारिंगी बोळे दिसले.

"हे नवीन हाय? हेच द्या."

"हे खराब झालं वं. आठ दिवसांनी ये, दुसरं येईन."

"खराब कुठं? याच्यात तं संत्रा दिसून राहिला. मागचं पानीच होतं निरं."

संत्र्याच्या गावात हा गैरसमज होणं अटळ होतं. इथे लहान मुलालाही ठाऊक असतं की फळ हिरवं असतं तेव्हा आंबट आणि रंगावर आलं की पिकलेलं. मग पाण्यासारखं सीरम कच्चं आणि नारिंगी सीरम पक्कं, हे कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. करिष्मानं जाऊन खोलीत सांगितलं, खोलीनं गोदामात सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर दुकानासमोर अकरा मुली उभ्या होत्या. सगळ्यांना संत्र्याचं हवं होतं. रसायनशास्त्र समजावून सांगणाऱ्या फार्मासिस्टकडे त्या, स्वतःसाठी चांगला माल लपवणाऱ्या बाईकडे बघावं तशा बघत होत्या.

त्या गेल्यावर शालिकराम भाऊ गल्ल्यावरून उठले.

"मॅडम, गिऱ्हाईक मागून राहिलं, अन् आपण नाही म्हणून राहिलो. असं दुकान राह्यते का कुठं?"

"नाही राह्यत."

"मग द्या ना. हे काही औषध नाही. कॉस्मेटिक हाय. तुमच्या लायसनचा याच्यात काही संबंध नाही."

"मग तुम्ही द्या तुमच्या हातानं. कोनी विचारलं तं मी सांगीन, का मी दिलं नाही."

भाऊंनी थोडा वेळ ताक प्यायलं. मग शांतपणे म्हणाले, "फार्मासिस्ट भेटते, मॅडम. दत्तवाडीतला एक पोरगा येऊन गेला मांगच्याच महिन्यात. तो बसतही नाही म्हणे. महिन्यातून एक चक्कर."

हे धमकावणं नव्हतं. भाऊ स्वभावानं धमकावणारे नाहीत, ते फक्त उपलब्ध मालाची माहिती देतात. सरिताला ती समजली. चौदा वर्षांची खुर्ची होती. आणि खुर्चीपेक्षा मोठी गोष्ट अशी, की त्या अकरा जणींना आता तिचं बोलणं खोटं वाटत होतं. रस्त्यापलीकडच्या जनरल स्टोअरवाल्यानं याच वितरकाकडून असाच डबा उचलला होता. त्याच्याकडे कापूस नव्हता, प्रश्न नव्हते. करिष्मा दुसऱ्याच दिवशी तिथून बाटली घेऊन जाताना दिसली. तिनं तोंडाला ओढणी गुंडाळली होती, जशी मे महिन्यात सगळ्याच मुली गुंडाळतात, पण दुकानासमोरून जाताना तिनं मान वळवली नाही.

सरितानं भाषण केलं नाही, पाटी लावली नाही. त्या दिवसापासून सकाळी दुकानात आल्यावर ती आरसा काउंटरवर ठेवी आणि गिऱ्हाइकांसमोर चेहऱ्याला सीरम लावी: उजव्या गालाला स्वतःच्या जुन्या बाटलीतलं, पाण्यासारखं, डाव्या गालाला नारिंगी. मग दोन्ही गालांवर सारखं सनस्क्रीन. कुणी विचारलं तर सांगे, "पाहून राहिली काय होते ते." नाही विचारलं तर सांगत नसे.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. सीरमच्या बाबतीत दोन दिवसांत काही होत नसतंच, हे तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना नवऱ्यानं वर बघितलं. "घरातला बल्ब बदलला का?" त्यानं विचारलं. इलेक्ट्रिशियन माणूस, त्याला आधी बल्बाचाच संशय आला.

पाचव्या दिवशी डावा गाल स्पष्ट पिवळा होता. धुऊन जात नव्हता. वांगाच्या कडा होत्या त्याहून गडद दिसू लागल्या. सातव्या दिवशी त्याला गंजाची छटा आली आणि कानाजवळ आग होऊ लागली. शुगरच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या पार्वतीबाई काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "काहून वं सरिता, हळद अर्धीच लागली? नवरदेव पळाला का मधातून?"

"दुसऱ्या गालाची हळद महाग होती, मावशी."

ट्रकवाले गोळ्या घेता घेता बघत. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक ड्रायव्हर इतका वेळ बघत राहिला, की त्याला औषध कशाचं हवं ते पुन्हा विचारावं लागलं. त्याच आठवड्यात सरिताच्या भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. भावानं फोन करून सांगितलं, फोटोत जरा उजवा गाल पुढं करून उभी राह्यजो. ती तशी उभी राहिली, पण फोटोग्राफरनं सगळ्यांना समोर बघायला सांगितलं. तो अल्बम आता त्या घरात कायमचा आहे. या काळात शालिकराम भाऊ तिच्याकडे बघायचं टाळत. नारिंगी डबा मागच्या कपाटात होता, आणि त्याला त्यांनी हात लावला नव्हता. का लावला नव्हता, हे बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

दहाव्या दिवशी दुपारी रस्त्यापलीकडचा जनरल स्टोअरवाला स्वतः आला. त्याचा माल संपला होता. भाऊंकडे डबा पडून आहे असं त्यानं ऐकलं होतं. सगळा उचलतो म्हणाला, आत्ताच.

भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी सरिताकडे बघितलं. "आता तं आपण नाही विकून राहिलो. आता तं काही हरकत नाही ना?"

"रस्ता ओलांडला तरी पोरी त्याच हायेत, भाऊ," सरिता म्हणाली आणि पुढचं प्रिस्क्रिप्शन वाचू लागली.

करिष्मा कधीपासून दारात उभी होती ते कुणी पाहिलं नव्हतं. तोंडावर ओढणी घट्ट होती. आत येऊन ती सरिताच्या डाव्या गालाकडे बघत राहिली. कानाजवळ, जिथे साल निघत होती, तिथे बराच वेळ. मग म्हणाली, "आग होते का तुम्हाले इथं?"

"होते."

"मले वाटलं मलेच होऊन राहिली."

तिनं ओढणी सोडली. दोन्ही गाल पिवळे, नाकाच्या बाजूनं लाल. दोन महिन्यांत फिके झालेले डाग पुन्हा उठून दिसत होते. ती रडत नव्हती, पण तिला बघताच जनरल स्टोअरवाल्याला आठवलं की आपल्या दुकानात कुणी नाही, आणि तो दाराकडे सरकला. सरकता सरकता त्यानं भाऊंना विचारलं, "मग पाठवता का डबा?"

शालिकराम भाऊंनी आधी करिष्माचा चेहरा पाहिला, मग दहा दिवसांत पहिल्यांदा सरळ सरिताचा पाहिला. मागच्या कपाटाकडे त्यांनी बघितलं नाही.

"संपला," ते म्हणाले.

"अरे, आत्ता तं—"

"संपला म्हनलं ना बावा."

चाळीस वर्षांच्या धंद्यात शालिकराम बोंद्रे यांनी असलेला माल नाही म्हणून सांगितल्याची ही पहिलीच नोंद असावी. तो गेल्यावर ते स्वतः स्टूल घेऊन आले आणि करिष्माला बसायला दिलं. सरितानं तिच्या गालाला बोट न लावता, जवळून बघितलं. मी सांगितलं होतं, असं म्हणायची ती वेळ होती. त्यासाठी तिच्याजवळ पुरावाही होता, चेहऱ्यावरच. तिनं ती वेळ जाऊ दिली.

"ते बंद केलं का?"

"कालपासून."

"बरं केलं. लाल हाय ते चार दिवसांत नाही उतरलं तं डॉक्टरले दाखवू. मी येईन संगं."

"अन् डाग?"

"जातीन. पहिल्यापासून लागन पुन्हा. दोन-अडीच महिने."

करिष्मानं मान हलवली. या वेळी तिनं मोबाइलचं नाव काढलं नाही. "मग आता काय लावू?"

"काहीच नको. पंधरा दिवस साधं पानी, उन्हात जाशीन तेव्हा सनस्क्रीन. तुझ्याजवळची ट्यूब संपली नसन अजून."

"हाय अर्धी."

"मग तेही घ्यायचं काम नाही."

"अन् बाकीच्या पोरी?"

"त्याहीले हेच सांग. अन् सांगजो, चेहरा दाखवाले या. झाकून नका ठेवू."

संध्याकाळी त्या आल्या. अकरा नव्हे, सात. दुकानात शिरल्यावर एकेकीनं ओढणी सोडली आणि सरितानं प्रत्येकीला तेच सांगितलं: पंधरा दिवस काही लावू नका, काही घेऊ नका. शालिकराम भाऊ गल्ल्यावर बसून हे सातही वेळा ऐकत होते. सातवी गेल्यावर त्यांनी ताकाचा लोटा उचलला, तो रिकामा निघाला.

"उद्या याहून जास्ती येतीन," सरिता म्हणाली.

"येऊ द्या," भाऊ म्हणाले. "अजून तीन-चार स्टुलं आनून ठेवतो. विकाले तं काही नाही, बसाले तरी असू द्या."