हरलेला खासदार

निवडणुकीत पडलेला माणूस खासदार झाला होता आणि माझ्या स्क्रीनवर छान हसत होता. मी ताबडतोब बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, म्हणून त्याची नोंद टाकली. सेव्हरिटी वन. म्हणजे हे दुरुस्त झाल्याशिवाय काहीही पुढे जाणार नाही.

मी टेक्सासमधल्या प्लेनोत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो, माझ्या स्वभावाला हे काम मानवतं. मॉरिशसच्या एका न्यूज साइटसाठी आम्ही संसदेच्या निवडणुकीचे निकाल दाखवणारं पान बनवत होतो. टेस्ट लीडची, म्हणजे आम्हा टेस्टर्सच्या प्रमुखाची, जागा रिकामी होती. ती मला मिळणार होती किंवा शेजारच्या डेस्कवरच्या केदारला, आणि मला ती हवीच होती.

त्याच दिवशी आणखी एक घबाड सापडलं. मतदारांच्या जवळपास तिप्पट मतं.

"केदार, हे बघ. सरळसरळ बोगस व्होटिंग."

"यार, रिक्वायरमेंट्स वाचल्यास का?"

"केवढं जाड डॉक्युमेंट आहे ते."

"म्हणूनच विचारतोय."

जळतोय, असं मनात म्हणून मी दुसरा बग टाकला.

आमचा मॅनेजर ग्रेग घाबरला. त्याने रिलीज थांबवून क्लायंटला कॉल लावला. पलीकडे पोर्ट लुईच्या एक शांत बाई होत्या. मी स्क्रीन शेअर केली आणि दोन्ही बग ठणकावून सांगितले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"बग ना?"

"नाही, निकाल."

मग त्यांनी समजावलं. तिथे मुख्य बेटावर एका मतदारसंघातून तीन जण निवडून येतात, म्हणून मतदार तीन मतं देतो. शिवाय सगळ्या समाजांना संसदेत जागा मिळावी, म्हणून पडलेल्यांपैकी काहींना जादा जागा देतात. त्यांना म्हणतात बेस्ट लूझर. केदार म्यूटवर होता, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते.

संध्याकाळी ग्रेगने केदारला लीड केलं. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण गप्प बसणं मला जमत नाही.

"ग्रेग, मॉरिशसच्या नियमाने मलाही एक जागा लागते."

"कुठली?"

"लीड्सच्या मीटिंगमधली. हरलेल्यांत मी पहिली आहे."

"हरलेली तू एकटीच आहेस."

"मग तर वादच नाही."

ग्रेग हसला आणि त्याने खरोखरच इन्व्हाइट पाठवलं. पगार तोच राहिला. पुण्याच्या टीमच्या सोयीने ती मीटिंग दर सोमवारी भल्या पहाटे असते, आणि लीड झाल्यापासून केदार ती माझ्या भरवशावर बुडवतो.

हरूनही खुर्ची मिळते. मग तिच्यावर बसायला उठावं लागतं.