दोन तासांचं अध्यक्षपद

नागपूरहून हावडा मेल सुटली तेव्हा माझ्या पायाशी संत्र्यांची करंडी होती आणि पर्समध्ये एक निमंत्रणपत्र. पत्राच्या डोक्यावर भलंमोठं बोधचिन्ह होतं: उघडं पुस्तक, पुस्तकावर दिवा आणि दिव्यामागे डोंगर. खाली 'अफगाण कन्या शिक्षण साहाय्य समिती, कलकत्ता'. समितीच्या वार्षिक सभेत नव्या अध्यक्षांची निवडणूक व्हायची होती. ती सभा बाहेरगावच्या एखाद्या तटस्थ शिक्षिकेनं चालवावी, असा ठराव झाला होता. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. माझी तटस्थता शोधून काढली ती आमच्या वन्संनी. त्यांचे यजमान बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आलेले, आणि वन्सं या समितीच्या सहचिटणीस.

हावड्याला उतरले तेव्हा फलाटावरची निम्मी माणसं लोकरीच्या कानटोप्यांत होती. मला साध्या शालीत उकडत होतं. पुलावर टॅक्सी अर्धा तास अडकली. दोन्ही बाजूंनी हातगाड्या, हमाल, बस, आणि सगळ्यांच्या मधून एक ट्राम सावकाश जात होती. भिंती तर घोषणांनी अशा भरल्या होत्या की चुन्याला जागा उरली नव्हती. बेहाल्याला वन्संच्या घरी पोचेपर्यंत करंडीतली डझनभर संत्री टॅक्सीत सांडून चेंगरली. ड्रायव्हरनं वळून एकदा पाहिलं आणि उरलेल्यांतली दोन मागून घेतली.

"वहिनी, फार मोठं काम आहे आमचं," वन्सं नोलेन गुळाचा (खजुराच्या ताज्या रसाचा गूळ) संदेश पुढे करत म्हणाल्या. "भादुरीबाई काबूलला जाऊन आल्या, तिथून सुरुवात झाली."

हकीकत अशी. अध्यक्षा मिसेस भादुरी यजमानांबरोबर आठ दिवस काबूलला गेल्या होत्या. तिथं मुली कॉलेजात जातात हे त्यांनी पाहिलं आणि कलकत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पठाणांच्या मुलींची त्यांना दया आली. परतल्यावर पंधरा दिवसांत समिती निघाली. एक अध्यक्षा, दोन उपाध्यक्षा, चिटणीस, सहचिटणीस आणि सल्लागार मंडळ. "आणि मुली?" मी विचारलं. वन्संनी माझ्या ताटलीत आणखी एक संदेश वाढला.

दुसऱ्या दिवशी एस्प्लनेडजवळचा समितीचा वर्ग पाहायला गेलो. वन्सं खालच्या खाली लोकर घ्यायला बाजारात वळल्या, मी जिना चढले. वर्ग बघण्यासारखा होता. नवी बाकं, पृथ्वीचा गोल, मानवी सांगाड्याचा तक्ता, खिडकीत कुंड्या. नव्हत्या त्या फक्त मुली. पदवीधर मिस स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी मला हजेरीपट दाखवला. चार महिने ओळीनं गैरहजर, गैरहजर, गैरहजर. अक्षर मात्र सुरेख.

"इन लोगों को पढ़ाई का शौक ही नहीं है," मिस म्हणाल्या. "समिति ने जीप लगवा दी, फिर भी नहीं आतीं."

मी खाली उतरत होते तेव्हा जिना पुसणारी बाई बाजूला सरली. चाळिशीची असेल. तांबड्या काठाची धुवट साडी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. हळूच म्हणाली, "दीदी, लड़की लोग को देखेगा? पास में ही है."

तिचं नाव बीणा. बंगाली घरातली मुलगी, एका पठाणाशी लग्न करून त्या वस्तीत राहायला गेलेली. आता नवरा नाही. समितीच्या दप्तरात तिची नोंद 'आया' अशी होती. दोन गल्ल्या ओलांडून तिनं मला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. तिच्या खोलीत चटईवर नऊ मुली बसल्या होत्या आणि दहावी उभी राहून मोठ्यांदा वाचत होती. तिचं नाव जरमीना, वय बारा.

मी तिला माझ्यासमोर बसवलं आणि तास घेतला, परीक्षाच म्हणा. हिंदीचा धडा तिनं न अडखळता वाचला. व्यवहारी अपूर्णांकांची चार गणितं दिली, तीन बरोबर आली. चौथं चुकल्यावर तिनं पाटी माझ्या हातून काढून घेतली आणि पुन्हा मांडलं. वीस वर्षांत अशी पाटी ओढून घेणाऱ्या मुली मला फार थोड्या भेटल्या आहेत.

"तुम्ही किती शिकलात?" मी बीणाला विचारलं.

"बांग्ला में छे क्लास तक. हिंदी तो इन लोग के साथ ही सीखा. रात को एक पाठ आगे पढ़ लेता हम."

हळूहळू सगळं कळलं. आधी वर्ग बीणाच घ्यायची. रोज घरोघर जाऊन ती मुलींना बोलवायची, आणि उंबऱ्यात उभं राहून बापाला नाहीतर आजीला सांगायची, 'लेकर जा रही हूँ.' संध्याकाळी परत सोडताना त्याच उंबऱ्यात, 'ले आई.' एवढ्या शब्दावर त्या मुली घराबाहेर पडत होत्या. मग समितीनं सुधारणा केली. शिक्षिका मॅट्रिकच्या वर शिकलेली हवी, म्हणून मिस आल्या. बीणाची आया झाली. मुलींचे पाय दुखू नयेत म्हणून जीप आली, आणि जीपबरोबर अनोळखी ड्रायव्हर. दुसऱ्या दिवसापासून वर्गात एकही मुलगी आली नाही; सगळ्या बीणाच्या खोलीत जमू लागल्या.

तेवढ्यात जरमीनाचे वडील वर आले. उंच, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी मला मोड्यावर (वेताच्या बैठकीवर) बसवलं आणि शीन चाय (बिनदुधाचा हिरवा चहा) मागवला. सोबत जाड नान. चहात वेलदोडा होता आणि कप कधी रिकामा होऊ देत नव्हते.

"गाड़ी को हम नहीं जानते," खानसाहेब म्हणाले. "बीणा को जानते हैं. बीणा कहे तो बड़े स्कूल में भी जाएगी. लेकिन स्कूल काग़ज़ माँगता है."

कागदाचा प्रश्न खरा होता. जरमीना कुठल्याच शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे पाचवीत घ्यायला शाळेला एखाद्या संस्थेच्या अध्यक्षाच्या सहीचा दाखला हवा होता. मुदत सोमवारपर्यंत. पुढच्या वर्षी ती तेरा पूर्ण करणार, आणि तेरा पूर्ण झालेल्या मुलीला बाहेर पाठवायला आजी तयार नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही, असा तो हिशेब होता.

मला वाटलं, यात अडचण कसली. भाबडेपणाच माझा. शुक्रवारी मिसेस भादुरींच्या घरी गेले. बैठकीत काबूलचा गालिचा, काबूलचा समोवार (चहाचा बंब) आणि भिंतीवर काबूलमध्ये काढलेला त्यांचाच फोटो.

"हजेरीपटात ही मुलगी चार महिने गैरहजर आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "खोटी सही मी कशी करू? शिवाय निवडणूक तोंडावर आली आहे. आता धोरणात्मक निर्णय घेणं शोभत नाही."

मग गेले त्यांच्या प्रतिस्पर्धी उपाध्यक्षा मिसेस सान्याल यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "मी निवडून आले की पहिल्याच महिन्यात या विषयावर उपसमिती नेमीन." शिंगाडा (आपला समोसा) फार छान होता त्यांच्याकडचा. दोघींपैकी एकीनंही मुलीचं नाव विचारलं नाही. संताप संताप झाला माझा. यांना डोंगर, दिवा, पुस्तक सगळं हवं होतं, आणि त्या पुस्तकाला हात लावणारी पोर तेवढी अडचणीची वाटत होती.

शनिवारी चार वाजता सभा सुरू झाली. त्यांचा एक शिरस्ता होता: निवडणुकीच्या वेळी मावळत्या अध्यक्षा खुर्चीवरून उठायच्या, पाहुणीला हार घालायच्या आणि समितीचा शिक्का तिच्या पुढ्यात ठेवायच्या. नव्या अध्यक्षा निवडून येईपर्यंत पाहुणीच अध्यक्ष. नियमावलीत तसं स्वच्छ लिहिलं होतं; मी आदल्या दिवशी वन्संकडून मागून दोनदा वाचलं होतं. भादुरीबाईंनी झेंडूचा हार घातला, शिक्का ठेवला आणि त्या खाली जाऊन बसल्या.

मग भांडण सुरू झालं. कोण सभासद खरी, कोण खोटी; कुणाचा अर्ज वेळेत आला, कुणाचा नाही; मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं होतं की नव्हतं. इतक्या शिकल्यासवरल्या बायका इतक्या सभ्य भाषेत इतका वेळ भांडू शकतात, हे मी नागपुरातही पाहिलं नव्हतं. अफगाण हा शब्द दोन तासांत फक्त समितीचं नाव घेताना आला.

मी वन्संकडे वाकले. "समितीचा एक कोरा कागद द्या."

त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, यांची बदली व्हायला अजून दोन वर्षं आहेत. मला इथं राहायचंय."

"सही माझी आहे. तुम्ही फक्त कागद द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खालच्या गोंधळाकडे पाहिलं आणि फाइलीतून कागद काढून दिला. हजेरीबद्दल मी अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, की जरमीनाची परीक्षा मी स्वतः घेतली आहे आणि ती पाचवीत बसायला योग्य आहे. खाली सही, सहीखाली 'अध्यक्ष', त्यावर शिक्का. बीणा चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा रिकाम्या कपाखाली घडी घालून कागद ठेवला. तिनं कप उचलला, कागद पदराआड केला आणि पुढच्या बाईला साखर विचारली.

सहा वाजता भादुरीबाई एका मतानं निवडून आल्या. माझ्या गळ्यातला हार त्यांनी स्वतःच्या गळ्यात घालून घेतला, दुसरा आणलाच नव्हता. त्यांनी आभाराच्या भाषणात माझ्या तटस्थतेचं कौतुक केलं. रविवारी मी परतीच्या गाडीत बसले.

महिन्याभरानं वन्संचं पत्र आलं. शाळेनं चौकशी केली होती, या बाई अध्यक्ष होत्या का? भादुरीबाईंनी तातडीची सभा बोलावून माझा निषेध केला: 'दिनांक अमुक रोजी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी आपल्या अधिकाराचा गैरवापर करून दाखला दिला.' मग मोठ्या तोऱ्यात त्या ठरावाची नक्कल शाळेला पाठवली. शाळेच्या बाईंनी नक्कल वाचली. दाखला अध्यक्षांनीच दिला होता, हे समितीनं लेखी कळवलं होतं. त्यांनी तो कागद फाइलीला लावला आणि जरमीनाला पाचवीत बसवलं.

त्याच सभेत आणखी एक ठराव झाला: मुली येत नसल्यामुळे आयेची गरज नाही, बीणाला कमी करावं. ती आता रोज सकाळी जरमीनाच्या उंबऱ्यात उभी राहते, तिला ट्रामनं शाळेच्या फाटकापर्यंत नेते, परत येऊन नऊ मुलींना शिकवते आणि चार वाजता पुन्हा फाटकाशी जाते. वन्संनी तिला विचारलं, काही हवं का? ती म्हणाली, चौथीची पुस्तकं हवीत, दोघी तयार होत आल्या आहेत.

मी नागपुरात चार मंडळांवर आहे. एकावर उपाध्यक्ष, बाकी तिन्हींवर अध्यक्ष. कलकत्त्याहून आल्यापासून त्यांच्या सभांना बसलं की लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. पुस्तकांचं पार्सल मी स्वतः बांधलं. पत्ता लिहिताना नावापुढे हुद्दा काय लिहायचा, याचा मला फार विचार करावा लागला नाही. 'श्रीमती बीणा, अध्यक्ष' असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली गल्लीचं नाव. पार्सल बरोबर तिच्या हातात पडलं.