एकोणपन्नासावी चाल

मार्गशीर्षातलं ते कलतं ऊन मंचरच्या सभागृहाच्या खिडकीतून आत येऊन बुद्धिबळाच्या पटावर पसरलं होतं, बाजाराकडून कांद्याचा उग्र, गोडसर दर्प येत होता, आणि ऊन जसजसं मावळतीकडे सरकत होतं तसतसा मी, खरं सांगतो, मनातून सुखावत होतो. समोर बसलेल्या किसनची डिंभ्याची शेवटची एसटी साडेपाचला होती.

हे त्यानंच सांगितलं होतं, दुपारी, आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवताना. "घरी म्हातारा एकलाच हाय, राव. अंगावरनं वारं गेल्यालं. मी गेल्याबिगर पाणीबी मिळत न्हाई त्याला."

शेवटची फेरी. मी जिंकलो तर करंडक माझा, बरोबरी झाली तर त्याचा. दोघांचा एकेक हत्ती उरलेला, माझं एक प्यादं जास्त. तरी बरोबरी शेंबड्या पोरालाही दिसावी अशी. पाच वाजता त्यानं हात पुढे केला. "बरोबरी करू, भाऊ. गाडी जाईल."

"खेळा," मी म्हणालो.

पटावर तो हरणार नव्हता. पण म्हाताऱ्यापायी उठून जाईल, ही माझी नीच आशा. सलग पन्नास चालींत काही मारलं गेलं नाही, प्यादंही हललं नाही, तर बरोबरी मागता येते. किसन ओठांतल्या ओठांत मोजत होता. अठ्ठेचाळीस झाल्या, आणि एकोणपन्नासाव्या चालीला मी प्यादं एक घर सरकवलं. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि राजा हलवला. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. किसन उठला नाही.

पन्नास चाली पुन्हा खेळून त्यानं बरोबरी घेतली, तेव्हा खिडकीत ऊन नव्हतं. करंडक पिशवीत कोंबत म्हणाला, "लई नेटानं खेळलात. गाडी हाय ना तुमची? कुठल्या अंगाला?"

"नारायणगावला," मी ठोकून दिलं. घर माझं घोडेगावला, त्याच्याच वाटेवर.

चहा पिऊन, वेळ काढून निघालो, तर संधिप्रकाशात तो रस्त्याच्या कडेनं चाललेला दिसला. गाडीचा आवाज ऐकून त्यानं मागे न बघताच हात केला. मी वेग वाढवला.

पश्चात्तापाचे दोन शब्द इथे शोभले असते. पण अजूनही कधी दुपारी मी तोच डाव मांडून बसतो, त्या भाकरीची चव आठवते, वाटतं, आज पाचलाच हात मिळवावा. आणि अठ्ठेचाळीस चाली झाल्या की माझा हात प्याद्याकडेच जातो.