टोकाला उभा राहणारा काका

जगात जिथे जिथे काही संपतं, तिथे माझा धाकटा काका उभा असतो. पंगतीत तो शेवटच्या पाटावर बसतो, लग्नाच्या फोटोत कडेला अर्धा कापला जातो, सिनेमाला गेलो तर भिंतीला लागून असलेली खुर्ची मागून घेतो, आणि वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायला घेऊन पहिल्या पानापर्यंत पोहोचायच्या आत ड्यूटीवर निघून जातो. नोकरीसुद्धा त्याने अशीच शोधली. तो मालगाडीचा गार्ड होता. पन्नास-साठ डब्यांच्या मागे, ना पंखा ना दिवा अशा एका डब्यात, घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन आणि लाल-हिरव्या झंड्या घेऊन तो बावीस वर्षं नागदा, रतलाम, गुना, भोपाळ करत राहिला, आणि तेही मागे सरकणारे रूळ बघत. ‘होता’ असं मी लिहिलं खरं, पण कागदोपत्री तो अजून गार्ड आहे. दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन तो ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावी गेला आहे, तिथल्या फुटबॉल क्लबात सामील व्हायला. ती रजा या महिन्यात संपते.

फुटबॉल क्लबात म्हटलं की उज्जैनमधले आमचे सगळे नातेवाईक आधी हसतात. काकाचं वय सेहेचाळीस. त्याला पळताना आम्ही जन्मात एकदाच पाहिलं, रामघाटावर माकडाने त्याची प्रसादाची पिशवी ओढली तेव्हा, आणि त्याही शर्यतीत माकड जिंकलं. पण तो खेळायला गेलेलाच नाही. त्यांच्या त्या खेळात लांबोडका चेंडू असतो, मैदान आमच्या कॉलनीएवढं असतं आणि दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला किंवा खांबाला लागला तर एक. हे ठरवायला प्रत्येक टोकाला पांढरा कोट घातलेला एक माणूस उभा असतो. सहा गुण झाले की तो दोन पांढऱ्या झंड्या हलवतो, एक झाला की एक. आणि मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही तशाच झंड्या हलवून उत्तर देतो, की पाहिलं, लिहून घेतलं. काकाने हे रतलामच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड आणि ड्रायव्हर दोन गाड्यांच्या मधे आराम करतात तिथे, आवाज बंद असलेल्या टीव्हीवर पाहिलं. घरी आला तो चहासुद्धा न घेता माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बेटा, दुनियेत असा एक खेळ आहे की ज्यात गार्ड लागतो."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. काकू नर्स आहे, आणि तिकडे नर्स हव्या असतात म्हणून तिने बरीच वर्षं परीक्षा, कागदपत्रं असं सगळं चालवलं होतं. शेवटी तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक गाव आतल्या भागात, मोठं हॉस्पिटल, राहायला घर. दुसरं समुद्रकाठचं, हॉस्पिटल छोटं, घर आपलं आपण बघायचं. काकाने दोन्ही गावांच्या क्लबांना ईमेल करायचं ठरवलं, आणि ते इंग्रजीत करायचं म्हणून मला बसवलं. तो खुर्चीच्या मागे उभा राहून सांगायचा आणि मी टाइप करायची. झंडी दाखवण्याचा बावीस वर्षांचा अनुभव आहे, नजर उत्तम आहे, पाऊस-ऊन-धूळ कशाचीही हरकत नाही, एकटं उभं राहायची सवय आहे. हे शेवटचं लिहू नये असं मला वाटत होतं. तो म्हणाला, तेच तर मुख्य आहे. आतल्या गावाने उत्तरच दिलं नाही. समुद्रकाठच्या क्लबाच्या सेक्रेटरीबाईंनी दोन दिवसांत लिहिलं, की आमचे टोकाचे अंपायर ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना आता दुसरं टोक दिसत नाही, तुम्ही कधी येता? काकूने ते वाचलं आणि बाबांना एवढंच म्हणाली, "दादा, लोकांची बायको नवऱ्यामागून परदेशी जाते. मी नोकरीला जाऊन राहिले आणि हे झंडी दाखवायला. कोण कोणामागे चाललंय ते तुम्हीच सांगा."

मग सराव सुरू झाला. पांढरा कोट त्याने हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून आणला आणि तो सवयीचा व्हावा म्हणून संध्याकाळी घालून फिरू लागला. परिणाम असा झाला, की कॉलनीतल्या दोन आजोबांनी त्याला रस्त्यात थांबवून शुगर तपासायला रक्त देऊ केलं, आणि एकाला तर काकाने उपाशीपोटी या म्हणून सांगितलं. झंड्यांचं कापड आणायला आम्ही भैरवगढला गेलो. तिथे सगळी छपाईवाल्यांची वस्ती. काकाने कोरं पांढरं कापड मागितल्यावर एका म्हाताऱ्या छपाईवाल्याने हातातला ठसा खाली ठेवला. "भाई साहब, कोरा तो कहीं भी मिल जाता. हमारे यहाँ से बिना छपे ले जाओगे?" काकाला कोणाचं मन मोडवत नाही. शेवटी झंड्यांना बोटभर रुंदीची लाल वेलाची किनार छापून आली, आणि त्या नियमात बसतात का हे विचारायला मला आणखी एक ईमेल लिहावं लागलं.

चेंडू मिळेना, म्हणून सोललेला नाही असा नारळ घेतला. दशहरा मैदानावर सकाळी काका चार बांबूंच्या मधे कोट घालून उभा राहायचा आणि मी लांबून नारळ फेकायची. मला चार लोकांसमोर नुसतं चालायचंही जड जातं, पण त्याच्यासाठी मी पंधरा दिवस नारळ फेकले. एक दिवस देवळातून परतणाऱ्या बायका थांबल्या, त्यातली एक मला हळूच विचारू लागली की हा कसला नवस आहे आणि लग्नासाठी चालतो का. काका तिथून ओरडला नाही, हसला नाही. त्याने एक झंडी दाखवली. नारळ बाजूने गेला होता.

त्याच्या आणि माझ्या मैत्रीचं कारण मला नीट सांगता येणार नाही. मी कमी बोलते. आमच्या घरी कमी बोलणाऱ्या मुलीला काहीतरी झालंय असं धरून चालतात आणि येणारा-जाणारा एकेक प्रश्न विचारून तपासतो. काकाने कधीच काही विचारलं नाही. सुट्टी असली की तो मला स्कूटरवरून रामघाटावर घेऊन जायचा, पंड्यांच्या छत्र्या संपतात त्याच्याही पुढे, जिथे फक्त कपडे वाळत असतात तिथल्या पायरीवर आम्ही तासभर बसायचो. तो शेंगदाणे सोलायचा, मी पाणी बघायची. परत निघताना तो म्हणायचा, "चल, खूप गप्पा झाल्या." मला ते दर वेळी खरं वाटायचं.

तो गेल्यावर आमचं बोलणं शनिवारी सकाळी व्हायचं, कारण तेव्हा तिकडे दुपार असते आणि सामना सुरू व्हायला थोडा वेळ असतो. पहिल्याच फोनवर मी विचारलं की समुद्र पाहिलास का. आमच्या घरातला समुद्रकाठी राहायला गेलेला तो पहिला माणूस. तो म्हणाला, हो, आहे तिथेच, आणि कॅमेरा फिरवून त्याने मला चार खांब दाखवले, नव्याने रंगवलेले. खांबांच्या मागे वाळूची टेकडी, आणि तिच्या वर निळी पट्टी. तोच समुद्र. दोन वर्षांत मी त्याचा समुद्र तेवढाच पाहिला. वाऱ्याने झंड्या अशा फडफडायच्या की मला त्याचं अर्धं बोलणं ऐकू यायचं नाही, तरी मी फोन ठेवायची नाही. क्लबात गुरुवारी सराव झाला की सगळे एकत्र जेवतात. एका गुरुवारी काकाने चाळीस माणसांना दाल-बाफले, म्हणजे वरणासोबत तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, करून घातले, आणि सहा-सहा बाफले खाल्लेल्या खेळाडूंना शनिवारपर्यंत पळवेना. प्रशिक्षकाने विनंती केली की हा पदार्थ पुढच्या वेळी समोरच्या संघाला खाऊ घालावा.

बाबा इकडे रोज महिने मोजत होते. काकाचा युनिफॉर्म त्यांनी धोबीकडून दोनदा उगाचच इस्त्री करून आणला. मी मोजत नाही असं दाखवत होते.

मागच्या महिन्यात त्यांचा उपांत्य सामना होता. अगदी शेवटच्या मिनिटाला काकाच्या संघातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाने, तो तिथे मासेमारीची बोट चालवतो, चेंडू मारला आणि चेंडू खांबांतून गेला. लोक मैदानात उतरायला लागले. पण काकाला जाता जाता चेंडू खांबाला घासलेला दिसला होता. दुसऱ्या कोणालाच दिसला नव्हता. त्याने एक बोट वर केलं आणि एकच झंडी हलवली. त्यांचा संघ दोन गुणांनी हरला. फोनवर त्याने मला सामन्याबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त तीन वेळा म्हणाला, "लागला होता, बेटा." पुढच्या गुरुवारी तो जेवायला जायला तयार नव्हता, काकूने त्याला जबरदस्तीने पाठवला. तिथे कोणी त्याच्याशी बोललं नाही. तो शेवटच्या टेबलावर बसला. मग तो बोटवाला माणूस आपलं ताट घेऊन आला, त्याच्या शेजारी बसला, अर्धं ताट रिकामं होईपर्यंत जेवत राहिला आणि मग म्हणाला की मलाही तो घासल्याचा आवाज आला होता. उठताना त्याने विचारलं, पुढच्या वर्षी आहेस ना?

हे मला काकूने सांगितलं. काकाने आठ दिवसांनी फोन केला, तोही शनिवार नसताना. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला की रेल्वेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा आहे, तेवढा लिहून दे. मी म्हटलं, बरं, इंग्रजीत लिहिते. तो म्हणाला, नाही, आपल्या ऑफिसात हिंदीतच देतात.

हिंदीत तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहितो. माझ्या हिंदीला तो लहानपणापासून हसत आला आहे, मला अजूनही उनसठ आणि उनहत्तर या आकड्यांत गोंधळ होतो. बावीस वर्षं प्रत्येक फेरीचा अहवाल त्याने स्वतः हिंदीत लिहिला. या अर्जाला माझी काहीच गरज नव्हती.

"काका, तू मला विचारून राहिलास का?"

तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर मी येतो. खरंच येतो. दादाला सांगायची गरज नाही."

माझ्या ‘नको’ला कोणी एवढी किंमत दिल्याचं मला आठवत नाही. तो शब्द माझ्या तोंडात तयारही होता. घाटावरची ती पायरी होती, बाबांनी इस्त्री करून ठेवलेला युनिफॉर्म होता, आणि मी पुढे कोणाशी न बोलता बसायचं हाही प्रश्न होता. पण मला तो बोटवाला माणूस दिसत होता, ताट घेऊन शेवटच्या टेबलाकडे चालत येणारा. इथे बावीस वर्षांत काकाच्या डब्यात असं कोणी येऊन बसलं नव्हतं. माझ्याशिवाय त्याच्या शेजारी कोणीतरी बसतंय, याचा मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, जरा उशिराने.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

तो म्हणाला, "पारिवारिक लिही. सगळे तेच लिहितात."

मी तेच लिहिलं. तीनदा लिहिलं, कारण दोनदा अक्षर बिघडलं. कुरिअरने गेलेला कागद त्याने सही करून परत पाठवला आणि तो आता माझ्या टेबलावर आहे. बाबांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि उद्या सोमवारी ऑफिसात नेऊन देतो म्हणाले. फक्त तारीख घालायची राहिली आहे, ती मी उद्या सकाळी घालेन असं त्यांना सांगितलं. पेन जवळच आहे, पण घाई कशाला? आज रविवार आहे. आजचा दिवस तरी काका नुसता रजेवर आहे.