लेथचं दावं

वसरामकाका खुर्चीत बसताना तीन मजल्यांवर कण्हतात. "आ…" गुडघ्याचं, "ई…" कंबरेचं आणि शेवटी "हां" सगळ्या जिवाचं. आमच्या तांड्यावर कुणी डोळे मिटून बसलेलं असलं तरी सांगेल, वसराम टेकला.

त्यांची उभी नोकरी हिंगोलीच्या एस.टी. डेपोत गेली, आणि ती खरंच उभ्यानं गेली. ब्रेकचे ड्रम यायचे, ते मोठ्या लेथवर चढवायचे, फिरवून आतून गुळगुळीत कापायचे, उतरवायचे. की दुसरा ड्रम हजर. दारातून साहेब ओरडायचा, ते काका अजून हुबेहूब काढून दाखवतात, सगळं नाकातून आणि शेवट लांबवून: "वसराऽऽम, गाडी लायनीला लागायचीय, झालं का नाही रेऽऽ?" काढून झालं की स्वतःच दमतात.

असा माणूस रिटायर झाल्यावर लेथचं नाव घेणार नाही असं वाटलं होतं. तर यांनी लेथ घरीच आणली. सेनगावच्या भंगारवाल्याकडं, मोडक्या सायकलींखाली पडलेली. काकांच्या बापाच्या वेळची असेल. टेबलावर मावेल एवढीच, अंगावर रंगाचे थरावर थर, कंपनीची पाटी घासून कोरी झालेली.

भिकाबाईकाकू तेव्हा दारातच आडव्या आल्या होत्या. "जिंदगीभर तेच केलं नं? आता घरात बी तेच? दुसरं काई सुचत न्हाई का?"

"डेपोतली हुकूम सोडायची," काका म्हणाले. "ही इचारती."

"मग इचारा तिलाच, जेवायला काय करती म्हणून."

त्यानंतर किती पावसाळे काका तिच्यावर झुकून राहिले. झिजलेल्या जागा हातानं खरवडून सपाट केल्या. सेनगावच्या मोच्याकडून जाड चामडं आणून तिचा पट्टा शिवला, घरच्या लाइनीवर चालेल अशी छोटी मोटर बसवली. मग कामं निघाली, एकही गरजेचं नाही. पोरांना भोवरे. काकूच्या डब्याच्या झाकणाला पितळेची गुंडी. ती गुंडी इतकी चकचकीत की काकू डबा उघडताना आधी पदरानं ती पुसायच्या, आणि पुसता पुसता मशीनला शिव्या द्यायच्या.

पण यंदा काकांचं अंग संपलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्यात धुकं. मापाच्या चाकावरच्या बारीक रेघा दिसेनात. उभं राहिलं की पाय थरथरायचे. टेबलाशी जायचे, मशीनवर हात ठेवायचे आणि तसेच माघारी.

"मन तरी हाय का?" कुणी विचारलं.

"मन बी दमलं गा," म्हणाले.

देविदास, त्यांचा पोरगा, चाकणला कॉम्प्युटरच्या मशीनवर आहे. त्याचं बोलणं फोनवरही बटण दाबल्यासारखं. "बा, जागा अडवून राहिली ती. भंगारात द्या. मी सांगितलं सेनगावच्या भंगारवाल्याला. दसरा झाला की येईल."

तोच भंगारवाला. दसऱ्याआधीच येऊन बघूनही गेला. पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत म्हणाला, "चाचा, ऐसी नहीं जाएगी. तोडके ले जाना पडेगा."

तोडके. काकांनी लेथवर चादर टाकली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ठेवायचा दम नव्हता, आणि घण घालून फोडलेली बघायचाही नव्हता. चालवणारं कुणी मिळालं तर सुटलो, एवढंच त्यांचं मागणं होतं.

डेपोतल्या जुन्या ओळखीतून एक जण मिळाला. हिंगोलीचे अमृतराव, ऑफिसातून रिटायर, छंद म्हणून घड्याळाचे भाग आणि हाताएवढी इंजिनं बनवणारे. बोलताना दर वाक्याला हवेत स्क्रू पिळतात. मशीन बघायला आले ते चहा गार करून बसले.

काकांनीच विचारलं, "नवी घ्या की साहेब. चकाचक मिळती. हे म्हातारं काहून पाहिजे?"

"नवी घेतली होती हो!" अमृतरावांनी स्क्रू पिळला. "आत प्लास्टिकची चाकं. लाइट वर-खाली झाली की आतली सर्किटची पाटी जळते, मग पुण्याला पाठवा. हिच्यात जे बिघडेल ते मला दिसतं. मोडलं तर तो भाग हिच्यावरच करता येतो. वजन बराबर आहे, कापताना थरथरत नाही. आणि दोघांनी उचलली की खोलीत येते."

"आन् पट्टा," काका म्हणाले.

"हां, पट्टा! चुकून जास्त कापायला गेलो तर पट्टा घसरतो, हत्यार वाचतं."

"बोटं बी वाचतेत."

दोघं हसले. काकांचं हसणंही कण्हण्यासारखंच आलं, पण आलं.

ठरलं असं, की दसऱ्याला चांगला दिवस म्हणून न्यायची. अमृतरावांची एकच अट. "एकदा चालू बघतो. पितळेच्या कांडीवर एक काप घेऊन दाखवा. मग लगेच उचलतो."

खंडेनवमीला काकूंनी विळा, कुऱ्हाड आणि लेथ यांना सारखंच हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याला सकाळी जीप आली. काकांनी वरची चादर काढली, बघत राहिले, मग डोळा चोळून परत बघितलं. मोटर होती, चाकं होती. पट्टा नव्हता. पट्ट्याची दोन टोकं जोडणारी तार कुणीतरी ओढून नीट बाजूला ठेवलेली.

"पट्टा कुटं गेला?"

चुलीशी काकू लाकूड सारत राहिल्या.

"अगं, पट्टा कुटं हाय?"

"माझ्यापाशी हाय," काकू म्हणाल्या. "दावं देत नसतेत."

अमृतरावांचा स्क्रू हवेतच थांबला. काकांनी कपाळावर हात मारून साहेबांना समजावलं. काकांच्या आज्यापंज्यांचा धंदा बैलांचा. बैल विकला तर गिऱ्हाइकाला बैल द्यायचा, दावं नाही. दावं खुंटीला राहतं, म्हणजे गोठ्याची बरकत जात नाही. शेवटची जोडी गेली तिचं दावं अजून भिंतीवर होतं, काळं पडलेलं.

"अगं पण हे मशीन हाय! बिनपट्ट्याचं चालतं का?"

"बैल बिनदाव्याचा चालतो का न्हाई? उलट पळतो."

"साहेब चालू बगितल्याबिगर नेणार न्हाईत. मग परवा तो भंगारवाला घण घेऊन येतो. चालंल तुला?"

घणाचं नाव काढल्यावर काकूंचा हात पदराखाली गेला. पट्टा तिथंच होता, पोटाशी गुंडाळलेला.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "दाखवून झालं की माझा मला."

"कबूल," अमृतराव म्हणाले. एकदम.

काकांनी चाचपडत पट्टा चढवला, तार ओवली. पितळेची कांडी धरली. मोटर घूं झाली, पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना टिक, टिक, टिक. रेघा दिसत नव्हत्या, म्हणून त्यांनी डोळे मिटलेच आणि कानावर कापलं. आवाज सीऽऽ असा एकसारखा, कुठं न तुटता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पिवळे छिलके झेंडूच्या माळेत पडत गेले. अमृतरावांनी कांडीवर बोट फिरवलं, परत फिरवलं.

मग बटण बंद. काकांनी तार ओढली, पट्टा काकूंच्या हातात दिला. मशीन जीपमध्ये चढली, हळदीकुंकवासकट.

"नवा पट्टा शिवायला तुम्हालाच यावं लागेल," अमृतराव जीपमधून म्हणाले. "गाडी पाठवतो."

"बगू," काका म्हणाले. "अंगात असलं तर."

"आ… ई… हां." ते खुर्चीत टेकले. काकूंनी पट्टा बैलाच्या दाव्याशेजारी खुंटीला लावला आणि तिकडं पाठ करून धान्य निवडत बसल्या.

दोन दिवसांनी भंगारवाला आला. मोकळं टेबल बघून पान फिरवायचा थांबला. "मशीन किधर गयी, चाचा?"

"गेली."

"तो टेबलच दे दो."

"टेबल न्हाई," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले, खुंटीकडं बघितलं आणि पुन्हा मिटून घेतले.