कबड्डीसाठी कॅमेरा

मी आज जो काही आहे तो सोयगावच्या शाळेतल्या आमच्या खेळाच्या सरांमुळे. दहावीनंतर मला दुकानावर बसवायचं वडिलांनी ठरवलं होतं. सर रोज घरी येऊन चहा पीत बसू लागले. शेवटी वडील म्हणाले, "जाऊ द्या त्याला कॉलेजात. साखर तरी वाचंल." असा मी घरातला पहिला पदवीधर झालो.

निवृत्तीच्या वर्षी सरांचा फोन आला. "शाळेच्या भिंतीवर माझ्या सगळ्या संघांचे फोटो हायेत, पण सगळे हाताची घडी घालून उभे. लोकांना वाटंल, मी पोरांना नुसतं उभं राहायलाच शिकवलं. जायच्या आधी एक तरी खेळतानाचा फोटो पायजे. तू शहरात असतोस, चांगला कॅमेरा बघ."

चितेगावच्या कारखान्यातल्या माझ्या नोकरीत फोटोचा संबंध फक्त ओळखपत्रापुरता. तरी शहरात औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. कॅमेरे भाड्यानेही मिळत होते.

"शादी है क्या?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, कबड्डी."

मी सगळ्यात लांब नळकांड्याच्या लेन्सकडे बोट दाखवलं.

"वो शेर के वास्ते है, भाई. शेर के नजीक नहीं जा सकते ना. तुम कहां बैठते?"

"अगदी रेषेला लागून."

"फिर छोटी लेओ."

पण सरांच्या कामाला छोटी वस्तू नेणं मला बरं वाटेना. मोठीच घेतली. शाळेच्या मैदानावर पहिल्या चढाईत मला एक कान मिळाला. दुसऱ्या चढाईत एक गुडघा. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही. सरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून विचारलं, "फोटो काढतोस का सोनोग्राफी?"

पुढच्या आठवड्यात मुकाट्याने दुकानदाराचं ऐकलं. जवळून रुंद दिसणारी छोटी लेन्स, आणि पळणारा चेहरा आपणहून धरून ठेवणारा कॅमेरा. त्या दिवशी शेजारच्या गावाच्या मुलींशी सामना होता. आमची कप्तान चढाईला गेली, दोघींना शिवून वळली आणि थेट माझ्यासमोर आली. तिला लेन्स दिसली. ती थांबली, जर्सी खाली ओढून नीट केली, हात सरळ केले, हनुवटी वर केली. तिघींनी मिळून तिला आडवं केलं.

"अगं, पळ की!" रेषेबाहेरून सर ओरडले.

ढिगाऱ्याखालून आवाज आला, "तुमीच सांगितलं व्हतं सर, फोटोत हलायचं नाय!"

घरी येऊन मी सरांना पत्र लिहिलं.

"आदरणीय सर,

सादर प्रणाम. फोटो सोबत पाठवत आहे. कॅमेऱ्याची निवड या वेळी बरोबर ठरली. झेप घेणाऱ्या तिघींच्या बोटांना लागलेली मातीसुद्धा दिसते. कप्तान मात्र सावधान उभी आहे, त्यावर माझा इलाज चालला नाही. परंतु तिच्या मागे, रेषेबाहेर, एक गृहस्थ फोटोत आले आहेत. दोन्ही पाय हवेत, तोंडातली शिट्टी सुटलेली, एक चप्पल त्यांच्याही पुढे गेलेली. आपल्या शाळेतल्या कोणाचा खेळतानाचा इतका चांगला फोटो मी पाहिलेला नाही. मोठा करायला टाकला आहे. भिंतीवर लावायला आपली हरकत असेल तर लवकर कळवावे, कारण मुख्याध्यापकांनी खिळा ठोकला आहे.

आपला विद्यार्थी"