मामाला बावीस दिवस आधी कळलं होतं

माझा मामा हिंमतराव मेहकरच्या एका दवाखान्यात लॅब असिस्टंट. रक्त, लघवी, थुंकी तपासणं हे त्याचं काम. हिवतापाच्या दिवसांत रक्ताच्या काचा रंगवून रंगवून त्याची बोटं निळी पडायची आणि ती तशीच घेऊन तो जेवायला बसायचा.

माझ्या आईपेक्षा तो अकरा वर्षांनी लहान. त्यांची आई गेली तेव्हा मामा चार वर्षांचा होता आणि आईचं नुकतंच लग्न ठरलेलं. त्याला कडेवर घेऊनच ती सुलतानपूरला नांदायला आली. माझे वडील लवकर वारले. आईनं विहिरीवरच्या तुकड्यात वांगी-मिरची लावून मामाला मॅट्रिक केलं, वर नागपूरला लॅबचं काम शिकायला पाठवलं. तिचं नाव मनकर्णा. मामा तिला बाई म्हणायचा.

पासष्ट साली मी पहिल्या बाळंतपणाला आईकडे होते. मुलगी झाली. आमच्याकडे लेकीला मूल होईस्तोवर आई तिच्या घरचं पाणी पीत नाही, त्यामुळे लग्नाला तीन वर्षं होऊनही आईनं माझं सोनाळ्याचं घर पाहिलं नव्हतं. मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "आता येतो पाह्य तुह्या घरी. आठ दिस राह्यतो, पानी काय, पाहुनचारबी घेतो."

पंधरा दिवसांनी तिच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती. तिनं लक्ष दिलं नाही. मग दुसरी आली, बारीक ताप येऊ लागला. मामा तिला दवाखान्यात घेऊन गेला. त्या काळी मानेतली गाठ म्हणजे गंडमाळ आणि गंडमाळ म्हणजे टीबी, हे सगळ्यांनाच पाठ होतं. डॉक्टरांनी दिवसाआड इंजेक्शन सांगितलं. आई एसटीनं मेहकरला यायची, सुई घ्यायची, परत जायची.

"दोन दिस सोनाळ्याले जाऊन येऊ दे रे हिंमत्या."

"नाही बाई, एकबी सुई चुकवाची नाही."

असे तीन महिने गेले. गाठी कमी होण्याऐवजी काखेतही आल्या. अंगाला खाज सुटायची. आठ दिवस ताप, मग आठ दिवस काही नाही. शेवटी मामाच डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, ह्या गाठी एकमेकींले चिकटत नाहीत, फुटत नाहीत. बोटाले रबरावानी लागतात. एक काढून पाहू."

सुन्न करायची सुई देऊन डॉक्टरांनी एक गाठ काढली. ती नागपूरला पाठवायची होती. बाटलीत घालण्याआधी डॉक्टरांना विचारून मामानं कापलेली बाजू दोन काचांवर हलकेच टेकवली. हिवतापाच्या काचा रंगवायचा त्याच रंगानं त्या रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या.

तिथं काय दिसलं ते त्यानं मला पुढे सांगितलं. सगळीकडे बारक्या गोल पेशी, ज्वारी सांडल्यासारख्या. गाठीत त्या असतातच. काच सरकवत सरकवत गेला तर मध्ये एक थोराड पेशी आली. तिच्या पोटात दोन केंद्रकं शेजारी शेजारी, आणि प्रत्येकात एक मोठा निळा ठिपका. कोणी डोळे वटारून पाहत असावं तशी. नागपूरला शिकताना सरांनी वर्गात एकेकाला बोलावून ती दाखवली होती. टीबीत ती नसते. ती हॉजकिनची, गाठींच्या कॅन्सरची. मामानं काच आणखी सरकवली. दुसरी दिसली. मग तिसरी.

डॉक्टरांनीही पाहिलं. मग म्हणाले, "आपल्या काचेवरून काही बोलू नका, हिंमतराव. नागपूरचा रिपोर्ट येऊ द्या."

बाहेर बाकावर आई मानेला पट्टी लावून बसली होती. "काय दिसलं रे?"

"काई नाही. नागपूरहून कागद येईन."

रिपोर्टाला बावीस दिवस लागले. इंजेक्शनं बंद होती, आईला ताप नव्हता, ती हिंडत-फिरत होती. तिनं सोनाळ्याला यायचं पुन्हा काढलं. मामा म्हणाला, "कागद येऊ दे, मंग जाय." तिला एकटीला इतक्या लांब पाठवायची त्याला भीती वाटत होती. आणि खरं सांगायची हिंमत होत नव्हती.

रिपोर्टात तेच होतं. मग मुंबईला किरणांचे शेक झाले. गाठी विरघळल्या, आई घरी आली, पण पाय उचलत नव्हते. पाच महिन्यांत पोट फुगलं. मी मुलीला घेऊन सुलतानपूरला जाऊन राहिले.

एका दुपारी तिच्या पायांशी बसून मामानं आपण होऊन सांगितलं, "बाई, मले त्याच दिवशी काचेवर दिसलं होतं. कागद आला त्याच्या आधी."

आईनं मान त्याच्याकडे वळवली.

"मंग काऊन नाही सांगितलं? तवा पायात जीव होता माह्या. शालूचं घर पाहून आलो असतो."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मग तिकडे तोंड करूनच विचारलं, "जेवला का तू?"

नऊ दिवसांनी ती गेली.

दीड वर्ष मी मामाशी बोलले नाही. मग एकदा तो स्वतःच सोनाळ्याला आला. मी पाणी दिलं, समोर बसले. त्यानं काचेचं सगळं सांगितलं.

"बावीस दिसाचं तू धरून बसली, शालू. मी तीन महिन्याचं धरून बसलो. पहिल्याच दिवशी माह्या बोटाले ती गाठ रबरावानी लागली होती वं. मीच टीबी टीबी करत राह्यलो."

"आधी समजलं असतं तं वाचली असती का?"

"डॉक्टर म्हनतात, नाही. मले नाही मालूम."

तो रडला. मला रडू आलं नाही. त्याला थोपटावं असंही वाटलं नाही, याचं आज मला वाईट वाटतं.

तो अजून त्याच दवाखान्यात आहे. गाठ महिनाभरात हटली नाही की ती काढा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतो. मागच्या वर्षी लोणारकडच्या एका सुताराच्या काचेवर त्याला पुन्हा ती पेशी दिसली. डॉक्टरांची परवानगी घेऊन त्यानं त्या माणसाला त्याच दिवशी जवळ बसवून सांगितलं. ऐकून तो सुतार उठून गेला आणि परत कधी आलाच नाही. हे सांगताना मामा मला म्हणाला, "आता सांग, मी बरोबर केलं का?"

मी त्याला जेवायला वाढलं. सणावाराला आम्ही एकमेकांकडे जातो, पोराबाळांचं बोलतो. आईचं नाव मात्र दोघंही काढत नाही.